कृतिसंशोधन की लेसन स्टडी?

कृतिसंशोधन, म्हणजे आपल्या वर्गातली अडचण आपणच उपाय करून तपासणं, एकट्या शिक्षकालाही जमतं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या लेखात मांडलेलं हे चक्र: आखा, करून पाहा, तपासा, पुन्हा आखा. समजा, मुलं १/२ + १/३ = २/५ लिहितात; उत्तर अर्ध्याहून कमी आलंय, हे कुणालाच खटकत नाही. शिक्षक कागदाच्या पट्ट्या देतो, आधीच्या-नंतरच्या वह्या ताडून पाहतो. खर्च जवळपास नाही. पण शिकवणारा आणि तपासणारा एकच, त्यामुळे स्वतःच्या उपायाला झुकतं माप मिळतंच. अहवालही बहुतेकदा फायलीत जातो.

जपानमध्ये रुजलेल्या लेसन स्टडीत तोच पाठ काही शिक्षक मिळून आखतात. एक शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही! मागच्या बाकावरच्या मुलीने बरोबर उत्तर खोडून शेजारणीचं २/५ उतरवलं, हे फळ्यापाशी उभं राहून दिसत नाही. नंतरची चर्चा पाठावर व्हावी, माणसावर नको (हे बोलायला सोपं). तासिकांची अदलाबदल करावी लागते, मुख्याध्यापकांची साथ लागते.

एका वर्गाची तातडीची अडचण असेल तर कृतिसंशोधन पुरे. अख्ख्या शाळेचं शिकवणं सुधारायचं असेल तर माझा कौल लेसन स्टडीला. फक्त पहिला पाठ सर्वांत अनुभवी शिक्षकाने घ्यावा, म्हणजे नवख्यांची भीड चेपते.