तुर्की क्रियापदांपासून झालेली नामे: टीडीकेचा मोफत कोश कितपत उपयोगी?

पुण्यात जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला रानडे इन्स्टिट्यूटपासून आप्पा बळवंत चौकापर्यंत वर्ग, कोश, सरावाची पुस्तके सगळे हाताशी असते. तुर्कीचे तसे नाही. इथल्या विद्यार्थ्याची भिस्त मोबाइलवर, आणि मोबाइलवरच्या साधनांत सर्वांत भरवशाचा आहे तो त्युर्क दिल कुरुमु, म्हणजे टीडीके, या तुर्की भाषा संस्थेचा ऑनलाइन कोश. संस्था १२ जुलै १९३२ रोजी स्थापन झाली. कोश फुकट आहे, नोंदणी लागत नाही. हे परीक्षण त्याच्या एकाच उपयोगाचे आहे: क्रियापदाला प्रत्यय लागून तयार होणारी नामे शोधणे आणि समजून घेणे.

आधी लिपीबद्दल. तुर्कीत ठिपक्याचा 'इ' आणि बिनठिपक्याचा 'इ' असे दोन वेगळे स्वर आहेत. इथे दोन्ही 'इ'नेच लिहिले आहेत. कोशात शोधताना मात्र फरक पाळावा लागतो. शोधपेटीपाशी खास तुर्की अक्षरांची बटणे आहेत, ती वापरावीत.

कोशात क्रियापद '-माक' किंवा '-मेक' लावून दिलेले असते: याझमाक म्हणजे लिहिणे, गेलमेक म्हणजे येणे. आपल्या 'लिहिणे'मधला 'णे' काढला की धातू उरतो, तसेच इथे. नामे शोधायची तर पूर्ण क्रियापद टाइप करू नये, फक्त धातू टाकावा आणि खाली येणारी यादी पाहावी. 'याझ' टाकून एकेक अक्षर वाढवत जा: याझमा (लेखन, शिवाय हस्तलिखित), याझी (लिखाण, लेख), याझिम (शुद्धलेखन), याझगी (विधिलिखित), याझित (शिलालेख), याझिजी (प्रिंटर), याझार (लेखक). हिंजवडीतल्या मंडळींच्या कामाचे याझिलिम, म्हणजे सॉफ्टवेअर, हेही याच घरातले. त्यात 'इल' हा कर्मणीचा प्रत्यय आधी लागतो आणि मग 'इम'. एका धातूची एवढी प्रजा एका जागी दिसणे हा या कोशाचा सर्वांत मोठा फायदा आहे.

पण यादी अक्षरांवर चालते, व्युत्पत्तीवर नाही. 'याझ' म्हणजे उन्हाळासुद्धा, त्यामुळे याझलिक (उन्हाळ्यात राहायचे घर) त्याच रांगेत येते आणि नवखा विद्यार्थी त्याचा संबंध लिहिण्याशी जोडत बसतो. उलटी चूकही होते. गिदिश (जाणे) हा शब्द 'गित' टाकून यादीत सापडत नाही, कारण क्रियापद गितमेक आहे आणि त्यातला 'त' स्वरापुढे मऊ होऊन 'द' होतो. तातमाक (चव घेणे) वरून तादिम होते तेही याच कारणाने. मात्र बातमाक (बुडणे, मावळणे) मधला 'त' टिकतो: बातिश, बाती. कुठला 'त' बदलतो याचा नियम नाही, तो क्रियापदाबरोबर पाठच करावा लागतो.

बाती म्हणजे पश्चिम. उगवण्याच्या धातूवरून दोउ म्हणजे पूर्व. आपण उगवतीला, मावळतीला म्हणतो, तिथेही नेमकी हीच घडण आहे. मराठी माणसाला तुर्की कृदन्ते परकी वाटायचे कारण नाही. पेरणी, वागणूक, कमाई, वळण हे सगळे आपण धातूपासूनच घडवतो.

आता व्याख्यांकडे. 'ओकुमा' (वाचन) काढले की व्याख्या येते 'ओकुमाक इशी', म्हणजे वाचण्याचे काम. नवख्याला हे गोल फिरल्यासारखे वाटते, पण ही कोशाची ठरलेली खूण आहे. 'इशी' दिसले की समजावे, हे '-मा/-मे' लावून झालेले निव्वळ क्रियानाम आहे. '-इश' लावलेल्या नामांत पुष्कळदा 'बिचिमी' (ढब, रीत) हा शब्द जोडीला येतो. गुलमे म्हणजे हसणे, तर गुलुश म्हणजे हसण्याची ढब. इतक्या थोडक्या शब्दांत हा फरक दाखवणे ही खरोखर चांगली कोशरचना आहे.

'-मा' आणि '-इश' कोणत्याही धातूला लागतात. बाकीच्या प्रत्ययांचे तसे नाही, आणि तिथे कोश नसेल तर काम अडते. '-गी' घ्या: बिलगी (माहिती), सेवगी (प्रेम), वेरगी (कर), सिलगी (खोडरबर). धातूच्या शेवटी कठोर व्यंजन असेल तर 'ग'चा 'क' होतो: इचकी (मद्य), बासकी (छपाई, दडपण), बितकी (वनस्पती). कठोर व्यंजने आठ: फ, स, त, क, च, श, ह, प. तुर्की शाळांत त्यांच्यासाठी 'फिस्तिकची शाहाप' ही आठवणीची ओळ चालते, तीच पाठ करावी. नियम सोपा आहे म्हणून 'गेल'वरून 'गेलगी' करायला जाल तर तसा शब्द नाही. 'येण्या'वरून रूढ नाम आहे गेलिर, म्हणजे उत्पन्न, आणि 'जाण्या'वरून गिदेर, म्हणजे खर्च. आपली आवक-जावक. त्यामुळे '-गी', '-इम', '-इ', '-आक' यांपैकी काहीही स्वतः लावले की कोशात तपासायचेच. नोंद नसेल तर '-मा' लावून मोकळे व्हावे, ते कधी चुकत नाही.

प्रत्ययातला स्वर धातूच्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो, हे कोश वेगळे सांगत नाही. '-मा' फक्त दोन रूपे घेतो: आ, बिनठिपक्याचे ओ, उ किंवा बिनठिपक्याच्या इ नंतर 'मा', इतरांनंतर 'मे' (गुलमेमधला 'उ' ठिपक्यांचा, म्हणून तिथे 'मे'). '-इश' आणि '-इम' चार रूपे घेतात, म्हणून उडण्यावरून उचुश (उड्डाण), निवडण्यावरून सेचिम (निवडणूक).

मोठी उणीव इथेच आहे. कोश परक्या शब्दांचे मूळ देतो, अरबी किंवा फ्रेंच असे लिहितो, पण घरच्या शब्दांची फोड करत नाही. दोन्दुर्मा (आइस्क्रीम) च्या नोंदीवरून कळत नाही की 'दोन' म्हणजे गोठणे, 'दुर' हा प्रयोजक प्रत्यय, आणि मग 'मा'. आपल्या 'गोठणे–गोठवणे' सारखीच पायरी. कावुर्मा हे परतण्याच्या धातूवरून आले, आणि पुण्याच्या लष्कर भागातल्या हॉटेलांत मिळणारा कुर्मा त्याचाच वंशज, हेही तिथे उमगणार नाही. फोड हवी असेल तर निशान्यान यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश शेजारी उघडा ठेवावा. दोन्ही मिळून काम पूर्ण होते, एकट्याने होत नाही.

'गेलमे' या शब्दाने सर्वांत जास्त घोटाळा होतो. नाम म्हणून अर्थ 'येणे', आज्ञा म्हणून 'येऊ नकोस'. कोशात फक्त नाम आहे, कारण नकारार्थी रूपांना वेगळी नोंद मिळत नाही. फरक आघाताचा: नामात शेवटच्या अवयवावर जोर, नकारात त्याच्या आधीच्यावर. नोंदीला उच्चार ऐकायचे बटण आहे, ते दाबून नामाचा आघात कानात बसवावा. तसाच गोंधळ '-इश'चा. तो 'एकमेकांशी' या अर्थाचा क्रियापदीय प्रत्ययही आहे. याझिश्माक म्हणजे पत्रव्यवहार करणे, आणि त्याचे नाम याझिश्मा. मधला 'इश' पाहून तिथे 'लिहिण्याची ढब' शोधू नये.

वाक्यातला वापर हा कोश शिकवत नाही. 'मला यायचे आहे' ला गेलमेक इस्तियोरुम, कर्ता एकच. 'तू यावेस असे मला वाटते' ला गेलमेनी इस्तियोरुम. इथे '-मे'ला 'तुझे' हा स्वामित्वाचा प्रत्यय आणि मग द्वितीयेचा. '-मेक'ला स्वामित्वाचा प्रत्यय लागतच नाही. 'तू आल्याचे मला माहीत आहे' ला पुन्हा वेगळे रूप: गेलदिईनी बिलियोरुम. इच्छेला '-मे', घडलेल्या गोष्टीला '-दिक', हे व्याकरणाच्या पुस्तकातूनच घ्यावे लागेल.

व्याख्या तुर्कीतच आहेत, म्हणून पहिल्या महिन्यात हा कोश हाती घेऊ नये. दीडशे-दोनशे क्रियापदे आणि स्वरांचा मेळ अंगवळणी पडल्यावर घ्यावा. एक वही करावी: डाव्या पानावर धातू, उजवीकडे त्याची कोशात सापडलेली नामे, न सापडलेल्या जागी रेघ. 'बाक' (पाहणे) पासून सुरुवात करावी, कारण बाकमा, बाकिश (नजर), बाकिम (देखभाल), बाकिजी (सांभाळणारी व्यक्ती) असे चार मुख्य प्रत्यय तिथे एकत्र भेटतात. संस्थेचा शुद्धलेखन-मार्गदर्शकही त्याच संकेतस्थळावर आहे. चतुर्थी लावताना '-माक'चा 'क' जाऊन 'य' येतो, ओकुमाया, हे त्यात पाहून घ्यावे. जुन्या पुस्तकांत 'ओकुमाआ' असे रूप दिसेल, ते आता लिहीत नाहीत.