म्हातारा आजारी लॅब्रेडॉर कुत्रा (लॅब) शेल्टरमधनं घरी आणला, 11 आठवड्यांचा अनुभव (5 पैकी साडेचार)

शेल्टरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्ता सगळीकडं झाला की लोक रात्री येऊन गेटला कुत्री बांधून जातात, तिथल्या ताईंनीच मला तशी विनंती केली होती. बेळगावात कुणाही जनावरांच्या डॉक्टरना विचारा, ते सांगतील.

आम्ही वडगावात राहतो, खाली दोन पॉवरलूम आणि वर घर. मी खरं तर पिल्लू बघायला गेले होते. तिथं कोपऱ्यात पोत्यावर एक पिवळट लॅब पडलेला, तोंड पांढरं झालेलं, कोगनोळी टोलनाक्याजवळ हायवेला कुणीतरी सोडून दिलेला. दातांवरनं वय 11-12 असेल म्हणाले. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या, रक्तातलं क्रिएटिनिन 6.1 (किडनी बिघडली की हे वाढतं). डॉक्टरनी मला बसवून नीट समजावलं, 5 च्या वर गेलं की शेवटची स्टेज, हे बरं होत नाही, दोन-तीन महिने मिळाले तरी खूप, पण ते महिने सिमेंटवर काढायचे की कुणाच्या घरात एवढंच आपल्या हातात आहे. खोटी आशा एका शब्दानं दिली नाही, आणि मला त्यांची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

घरी सासूबाई म्हणाल्या, "मरायला टेकलेलं कुत्रं कशाला आणायलाईस गं?" रागानं नाही, पुन्हा घरात रडारड नको म्हणून. त्यांना सगळं सांगितलं, दोन दिवसांनी त्यांनीच जुनी वाकळ काढून दिली.

आता सर्विसबद्दल. कुत्रा कागदोपत्री शेल्टरचाच राहतो, औषधं, सलाईन, ब्लड टेस्ट त्यांच्याकडनं, आपण फक्त जागा, खाणं आणि वेळ द्यायचा, आणि झेपलं नाही तर कधीही परत आणा, कोण काय विचारणार नाही. सलाईन द्यायला त्यांनी मला तीन वेळा समोर बसवून शिकवलं. आरएलची (रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनच) बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला अडकवायची, खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून 18 नंबरची सुई कातडीखाली सरकवायची, शिरेत नाही. 250 एमएल गेलं की तिथं फुगवटा येतो, कधी तो घसरून पायाकडं उतरतो, बघून घाबरायला होतं पण चार-सहा तासात जिरून जातो. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, आठवड्यानंतर चहा उकळेपर्यंत सुई लावून मोकळी.

खाण्याचं पण लिहून दिलेलं. फॉस्फरस कमी पाहिजे म्हणून हाडं, कलेजी, अंड्यातला पिवळा बंद. मऊ भात, अंड्याचा पांढरा, थोडं उकडलेलं चिकन. किडनीवाल्यांचं तयार खाणं मिळतं पण आम्हाला परवडलं नाही आणि त्यानं तोंडही लावलं नाही. माणसाची पेनकिलर चुकूनसुद्धा देऊ नका, ब्रूफेन वगैरे, उरलीसुरली किडनी त्यानंच जाते.

एक गोष्ट मात्र शेल्टरलाही माहीत नव्हती. आम्ही चार दिवस "ये ये, ये बाळा" करून दमलो, हा फक्त बघायचा. आम्हाला वाटलं कान गेले. मग शेजारच्या कन्नड काकू आल्या आणि सहज म्हणाल्या, "बारो इल्ली" (ये इकडं), आणि हा उठला, हळूहळू चालत गेला आणि त्यांच्या पायाशी जाऊन उभा राहिला! "कुंड्रु" म्हटल्यावर बसला पण. कुणाच्यातरी घरात वाढलेला, कुणीतरी प्रेमानं शिकवलेला, आणि त्यालाच हायवेला सोडला. त्या दिवशी मी खूप रडले. त्याचं नाव मग बारोच पडलं, आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कन्नड बोलायला कधी तोंड उघडलं नाही, त्या रोज त्याला "ऊटा माड" म्हणून जेवायला घालायला लागल्या.

माग चालू असला की त्याला गाढ झोप लागायची, करंट गेला की जागा. पावसाच्या दिवसात सतत करंट जातो, तेव्हा मी त्याच्याजवळ बसून राहायचे.

अर्धा मार्क कापला तो रात्रीसाठी. नवव्या आठवड्यात रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडलं. शेल्टरचा फोन सकाळी सातपर्यंत उचलला नाही. माणसं कमी आहेत, सगळं कळतंय, पण असली जनावरं घरी देताना रात्री एक नंबर चालू पाहिजेच. नंतर डॉक्टरनी सांगितलं की किडनी बंद पडत आली की पोटात अल्सर होतात, आणि तसलं झाल्यावर काय द्यायचं ती औषधं लिहून दिली. तो कागद पहिल्याच दिवशी हातात द्यायला पाहिजे होता. घेणाऱ्यांनी मागून घ्या.

अकराव्या आठवड्यात त्यानं पाणी पण सोडलं. डॉक्टर घरी आले, दवाखान्यात न्यायला लावलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार विसरणार नाही. घाई केली नाही. आधी झोपेचं इंजेक्शन, तो पूर्ण झोपल्यावर दुसरं शिरेतनं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, घाबरू नका, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्हाला ते बघवलं. ह्यांनी खाली दोन्ही माग चालू ठेवले होते. कन्नड काकू त्याच्या कानाशी "मलक्को" (झोप) म्हणत होत्या. येळ्ळूरला आमच्या दिरांचं शेत आहे, तिथं बांधाला खोल खड्डा काढून पुरलं.

उरलेल्या सहा बाटल्या आणि सुया परत द्यायला गेले तर ताईंनी रजिस्टरला लिहून घेतल्या, दुसऱ्याच दिवशी कुणालातरी लागणार होत्या.

तुम्ही जाणार असाल तर जुन्या चादरी, वाकळा, टॉवेल घेऊन जावा. जून ते सप्टेंबर तिथं काही वाळत नाही, आणि म्हातारी कुत्री ओल्यावर झोपतात.