जुन्या चेनसॉला ५२ मिलिमीटरचा ब्लॉक: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मुळशी खोऱ्यात, पौडच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. तिच्या बांधावर सुबाभूळ, निलगिरी आणि दोन म्हातारे आंबे आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतले काही ना काही आडवे होतेच. या कामासाठी मामांनी अनेक वर्षे वापरलेली हस्कवर्ना ६१ ही चेनसॉ माझ्याकडे आली ती पिस्टन चिकटलेल्या अवस्थेत. मामांनी हकिगत दोन वाक्यांत सांगितली: "चांगली चालत होती रे, मग एकदम आवाज चढला आणि बंद पडली. आता दोरीच ओढली जात नाही." रोगाचे निदान या दोन वाक्यांतच होते, पण ते मला बरेच उशिरा उमगले.

दुरुस्तीच करायची तर ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडर, मोठाच बसवावा, असा विचार मी आरंभापासून केला होता, आणि त्याला आधार होता. ६१, २६८ आणि २७२ ही तिन्ही मॉडेले एकाच घडणीच्या क्रँककेसवर, म्हणजे ब्लॉकखालच्या क्रँकच्या पेटीवर, उभी आहेत. तिन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३४ मिलिमीटरच आहे. फरक बोअरचा, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या व्यासाचा: अनुक्रमे ४८, ५० आणि ५२ मिलिमीटर. त्यामुळे क्षमता ६१.५, ६६.७ आणि ७२.२ सीसी अशी वाढत जाते. थोडक्यात, खालचा भाग न बदलता केवळ ब्लॉक आणि पिस्टन बदलून सुमारे सतरा टक्के जास्त सीसी मिळतात. हे गणित इतके मोहक आहे की माणूस आधी किट मागवतो आणि इंजिन का मेले हे नंतर विचारतो. मीही तेच केले.

किट हातात घेऊन मी नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांचा हात दुचाकींवर बसलेला. लुना, आरएक्स १०० आणि आकुर्डीत तयार झालेल्या टू-स्ट्रोक स्कूटर यांची इंजिने त्यांनी आयुष्यभर उघडली. चेनसॉ त्यांनी कधी खोललेली नव्हती, पण चिकटलेला पिस्टन उजेडात धरून ते म्हणाले, "साहेब, हा एक्झॉस्टच्या बाजूनेच ओरबाडलाय. तेल विसरला असता तर चहूबाजूंनी गेला असता. ही कुठूनतरी हवा घेतेय. नवा ब्लॉक आज बसवाल, आणि महिन्याने परत माझ्याकडे याल." माझ्या साऱ्या खर्चात सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती, आणि त्यांनी तिचे पैसे घेतले नाहीत.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, वर जाते. क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सीले कडक झाली, किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधल्या जोडाला चीर गेली, तर बाहेरची कोरडी हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रणावर इंजिन आधी जोरात पळते, आणि मामांनी ऐकलेला 'चढलेला आवाज' तो हाच. शिवाय वंगण पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे उष्णता वाढते नेमक्या त्याच वेळी तेलही कमी पडते.

गळती शोधण्याचे तयार यंत्र महाग होते, म्हणून वडिलांचे जुने, पट्टा फाटलेले रक्तदाबाचे यंत्र मी कामाला लावले. जुना ब्लॉक जागेवर ठेवून एक्झॉस्ट आणि इनटेक ही दोन्ही तोंडे स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे आणि लोखंडी पट्ट्या लावून बंद केली, प्लगच्या भोकात नळी बसवली आणि फुगा दाबत काटा २५० पर्यंत नेला. पाऱ्याचे २५० मिलिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक तृतीयांश. सीलांच्या परीक्षेसाठी तो पुरतो. काटा दहा सेकंदांत शून्यावर आला. साबणाचे पाणी सोडल्यावर क्लचची बाजू शांत राहिली आणि फ्लायव्हीलच्या बाजूच्या सीलाभोवती मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. ते सील बाहेर काढले तेव्हा त्याच्या ओठाचे रबर नखाने दाबूनही दबत नव्हते. दोन्ही सीले बदलल्यावर काटा दोन मिनिटे जागचा हलला नाही. निर्वाताची परीक्षा मात्र वेगळी घ्यावी लागते, कारण आतून दाब असताना नीट बसणारा ओठ बाहेरून ओढ लागली की उचलला जाऊ शकतो. त्यासाठी ब्रेकमधली हवा काढण्याचा हातपंप मी एका मित्राकडून आणला.

सीले घेताना साधी नायट्रिलची न घेता व्हायटॉनची घ्यावीत. माप जुन्या सीलावरच छापलेले असते. क्लच सोडवताना आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवावे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवले की तो सैल होतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा तुकडा आत सोडावा, लोखंडी काही घालू नये.

आता किटविषयी. हे मूळ कंपनीचे नव्हे, बाजारात मिळणारे पर्यायी किट होते आणि मला ते सव्वापाच हजारांना पडले. ओतकाम बरे होते, आतला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेपही एकसारखा दिसत होता, पण पोर्टच्या कडा इतक्या धारदार होत्या की बोट फिरवल्यावर रेघ उठली. पिस्टन वरखाली होताना रिंग दर फेऱ्याला या खिडक्यांसमोरून जाते आणि तिथे किंचित बाहेर फुगते. कडा गोलसर नसेल तर ती अडकते, तुटते आणि ब्लॉक घेऊनच जाते. हिऱ्याच्या बारीक कानशीने, लेप उखडू नये म्हणून आतून पोर्टकडे घासत, सगळ्या कडा गोल करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. किटमधल्या रिंगाही मी वापरल्या नाहीत. ब्लॉकमध्ये सरळ बसवून पाहिल्यावर रिंगेच्या दोन टोकांमधले अंतर ०.६ मिलिमीटर भरले. या बोअरला ०.२ ते ०.३ पुरते. चांगल्या रिंगांचे वेगळे पैसे मोजावे लागले, आणि ते मोजण्यासारखेच होते.

पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या आणि ब्लॉकच्या छताच्या कडेमध्ये किती जागा उरते, हे दीड मिलिमीटरची सोल्डरची तार आत घालून मोजले. तार गजन पिनच्या, म्हणजे पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनच्या, रेषेत दोन्ही टोकांना ठेवायची, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटे येते. चपटलेली तार १.१ मिलिमीटर भरली. ब्लॉकखालची अर्ध्या मिलिमीटरची गॅसकेट काढून त्या जागी उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा पातळ थर दिल्यावर ती ०.६५ वर आली. याने कॉम्प्रेशन वाढते. पण ब्लॉक खाली बसल्याने एक्झॉस्ट पोर्ट किंचित उशिरा उघडतो, हेही मान्य करून हा खेळ करावा. सायलेन्सरचे तोंड मी थोडेच मोठे केले. अधिक केले असते तर शेजारच्या वाडीतून निरोप आला असता.

चार टाक्या पेट्रोल जळल्यावर कॉम्प्रेशन १५५ पीएसआय आले. एका लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे ४० ला १ या प्रमाणात मी टू-स्ट्रोक तेल घालतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणून जुन्या पुस्तकातले कार्बोरेटरच्या स्क्रूचे फेरे जसेच्या तसे धरू नयेत. मी कानावर भरवसा ठेवतो. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचा आवाज किंचित घोगरा, अडखळता यावा आणि पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती) लाकडात रुतताच तो स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरही आवाज रेशमासारखा एकसुरी येऊ लागला, तर ती कौतुकाची गोष्ट नव्हे, हाय स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगावरचे पेट्रोल ठरवणारा स्क्रू, उघडण्याची वेळ आहे. खातरजमेसाठी टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारे यंत्र, लावतो आणि इंजिन मिनिटाला १२,५०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही.

नोव्हेंबरपासून सप्टेंबरपर्यंत करवत पंचेचाळीस तासांच्या आसपास चालली. मामांच्या हातात ती चालू असताना मी वापरलेली होती, त्यामुळे तुलना करता येते. अठरा इंची पट्टीऐवजी आता वीस इंची, ७२ दुव्यांची चेन चालते आणि निलगिरीच्या ओल्या ओंडक्यात पूर्ण पट्टी रुतवली तरी इंजिन गुदमरत नाही. पूर्वी तिथे हात उचलून दम द्यावा लागे. वाळलेल्या बाभळीत मात्र फरक जेमतेम जाणवतो, कारण तिथे अडचण ताकदीची नसून धारेची असते. दोन टाक्यांनंतर ५.५ मिलिमीटरची गोल कानस फिरवली नाही, तर ७२ सीसीसुद्धा भुशाऐवजी पीठच काढते.

तक्रारीही आहेत. दोरी आता जड झाली आहे. थंड इंजिन अर्धवट ओढले तर ती बोटांना हिसका देते, आणि या ब्लॉकला सुरू करताना दाब सोडणारा डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह नाही. कंप शोषणारी जुनी रबरे जानेवारीतच बदलावी लागली, कारण मनगटे रात्री झिणझिणू लागली होती. सायलेन्सरचे बोल्ट दोनदा सैल झाले, दुसऱ्यांदा तर एक रानातच पडला.

सर्वांत मोठी चूक मात्र माझी. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून मी पुण्याला परतलो. जुलैत सुबाभूळ वाटेवर पडली तेव्हा करवत काही केल्या सुरू होईना. टाकी काचेच्या बरणीत रिकामी केली, तर तळाशी बोटभर वेगळा, गढूळ थर दिसला. इथेनॉलने पाणी धरले होते आणि दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे झाले होते. कार्बोरेटरचा पडदा पापडासारखा ताठ झाला होता. ती सुबाभूळ शेजाऱ्यांनी कुऱ्हाडीने तोडली आणि मी बाजूला उभा राहून फांद्या ओढल्या. तेव्हापासून काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, आणि पडद्यांचा एक संच घरात ठेवतो.

सगळा खर्च साडेनऊ हजारांच्या घरात गेला. त्यात सीले, जोडाचे रबर आणि पडदे मिळून दीड हजारही नव्हते. मूळ ४८ चा ब्लॉक मी नंतर पातळ आम्लाने जपून धुतला, तेव्हा चिकटलेले ॲल्युमिनियम निघून गेले आणि खालचा लेप शाबूत निघाला. म्हणजे केवळ सीले आणि नवा पिस्टन घालून हीच करवत पाच हजारांच्या आत चालू झाली असती. ज्यांचे ओंडके पंधरा इंचांच्या आतले आहेत, त्यांनी तेवढेच करावे. मला वीस इंची पट्टी हवी होती, म्हणून मोठ्या ब्लॉकचा पश्चात्ताप नाही.

गेल्या रविवारी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टातून पिस्टन पाहिला. यंत्रावर कातताना पिस्टनवर उमटलेल्या बारीक रेषा अजून दिसत आहेत, एका कडेला केसाएवढी एक उभी खूण आहे आणि ती मार्चमध्ये होती तेवढीच आहे. रक्तदाबाचे यंत्र दिवाळीनंतर पुन्हा लावणार आहे.