पर्वतनिर्मितीची प्रतिकृती: घ्यावी, पण माहितीपत्रक तपासून

साताऱ्यातील माझ्या नववीच्या वर्गासाठी गेल्या महिन्यात सांगलीच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, हालचालीची लाकडी प्रतिकृती ८५० रुपयांना घेतली. दोन फूट लांबीची चौकट, तीत समोरासमोर सरकणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांवर अंथरलेले फोमचे चार रंगीत थर, एवढेच तिचे स्वरूप आहे.

दांडा सावकाश फिरवला की फळ्या जवळ येतात, थर मधोमध फुगतात, मग त्यांना वळ्या पडू लागतात आणि सर्वांत वरचा निळा थर, म्हणजे भारत आणि युरेशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ, थेट माथ्यावर जाऊन बसतो. हिमालयात इतक्या उंचीवर सागरी जीवांचे जीवाश्म कसे सापडतात, हा मुलांचा दरवर्षीचा प्रश्न यंदा फळ्यावर आकृती न काढता सुटला. भारतीय भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियन भूपट्टाला भिडला आणि तो आजही दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, हे मी सांगत असताना दांडा मुलांच्याच हातात होता. एक फळी दुसरीखाली घालण्याचीही सोय आहे. नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली जाऊन अँडीज कसा उभा राहिला, ते त्यावरून दाखवता येते. मात्र ती खाच घट्ट असल्याने फळी अडकते.

खरी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. त्यात हिमालय आणि आल्प्स यांच्या पंक्तीला सह्याद्रीही वली पर्वत, म्हणजे थरांना वळ्या पडून उभा राहिलेला पर्वत, म्हणून बसवला आहे. ते वाचून एका विद्यार्थिनीने खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "सर, मग याचे थर आडवे कसे?" तिचे निरीक्षण अचूक होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले, पुढे पश्चिमेकडील भूभाग विलग झाला आणि नद्यांनी व पावसाने उरलेले पठार कोरून काढले. टकरीने पडलेल्या वळ्या सह्याद्रीत नाहीत. ज्या डोंगराच्या पायथ्याशी मुले राहतात, त्याच्याविषयीच चुकीचे छापलेले पाहून मला फार वाईट वाटले.

दुकानदारांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी मजकूर दुरुस्त करण्याचे आश्वासन दिले. तोवर प्रतिकृती घेणाऱ्या शिक्षकांनी पत्रकातील ती ओळ खोडूनच ते मुलांच्या हाती द्यावे.