व्हीएचएफ, यूएचएफ की सिमवाला वॉकी? खान्देशातल्या पथकाने काय घ्यावं

पावसाळा तोंडावर आला की कुठल्या तरी बचाव पथकाचा नाहीतर नगरपालिकेच्या अग्निशमनवाल्यांचा फोन येतोच, भाऊ वायरलेस घ्यायचेत, किती वॅटचे घेऊ. अरे बाबा वॅटचं नंतर बघू, आधी सांग बोलणार कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आणि ती तुमच्या नावावर आहे का? दुकानात गेलात तर चार प्रकार समोर ठेवतात: १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमधला व्हीएचएफ, ४०० ते ४७० मधला यूएचएफ, मोबाईल नेटवर्कवर चालणारा सिमवाला वॉकी ज्याला पीओसी म्हणतात, आणि विनालायसनचा ४४६ चा छोटा सेट. चारही हातात घेऊन फिरलोय, त्यामुळे मत एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

४४६ वाला आधी निकालात काढतो. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी पट्टी लायसनमधून मोकळी केली, पण ताकद अर्धा वॅट. यात्रेत पार्किंगला, मंडळाच्या मिरवणुकीत, दोर धरून उभ्या असलेल्या दोन पोरांमध्ये मस्त चालतो. घरं मध्ये आली की किलोमीटरभरात दम तोडतो, आणि ती पट्टी सगळ्यांची असल्यामुळे शेजारच्या लॉन्सवरचे केटरिंगवाले पण त्याच चॅनलवर पनीर संपलं म्हणून ओरडत असतात. खरा घोळ वेगळाच आहे, ऑनलाईन 'लायसन फ्री' म्हणून पाच वॅटचे सेट विकले गेले आणि लोकांनी खोक्याने घेतले. ते लायसन फ्री नाहीत. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या ऑनलाईन विक्रीवर मार्गदर्शक सूचनाच काढल्या. ओळखीतल्या एका नगरपालिकेने असेच दहा सेट आणले होते, कारखान्यातून जी फ्रिक्वेन्सी भरून आली तीच तशीच वापरत होते, आणि ऐन आगीत मधेच कुणाचं तरी ट्रक लोडिंगचं बोलणं घुसलं. चूक ट्रकवाल्याची होती का यांची, ते कळायलाही मार्ग नव्हता कारण लायसनचा कागद यांच्याकडेच नव्हता.

आता मूळ सामना, व्हीएचएफ विरुद्ध यूएचएफ. इथे कॅटलॉग बाजूला ठेवून जमिनीकडे बघायचं. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधे तापीचं सपाट खोरं. सपाटीवर रेडिओ किती जाणार हे अँटेनाच्या उंचीवर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, साधारण तेवढे किलोमीटर. छातीशी धरलेल्या सेटला ५ किलोमीटर मिळतात, ३० मीटर उंच पाण्याच्या टाकीवरच्या अँटेनाला २२-२३, म्हणजे टाकी ते माणूस कागदावर २७ च्या आसपास. हे दोन्ही बँडला सारखंच. पण सारख्याच प्रकारच्या अँटेनाने मोकळ्या मैदानात १५० आणि ४५० मेगाहर्ट्झ लावून बघितले तर यूएचएफचा सिग्नल समोरच्याकडे नवव्या हिश्श्याने पोचतो, आणि त्यात आपल्याकडे मैदान मोकळं असतं कुठे? रावेर-यावलला केळीच केळी. ओली पानं यूएचएफ जास्त पितात. एकदा तापीकाठच्या एका बागेत मी एका हातात हा आणि दुसऱ्या हातात तो सेट घेऊन चालत गेलो, बांधावर होतो तोवर टाकीवरून बोलणारा नाना दोन्हीवर ठणठणीत, बागेत शंभरेक पावलं आत गेलो तर यूएचएफवर नानाचा नुसता श्वास आणि व्हीएचएफवर खरखरीत का होईना पण पूर्ण वाक्य, "ओ भाऊ, आयकू येस का?" येत होतं. येत होतं म्हणून तर हे लिहितोय.

व्हीएचएफची रडकथाही सांगतो नाहीतर म्हणाल प्रचार करतोय. लहरीच्या पाव लांबीची अँटेना ५० सेंटीमीटरची होते, यूएचएफची १७. एवढी लांब कुणी कमरेला लावत नाही, म्हणून आखूड रबरी लावतात आणि तिथे निम्मी मजा जाते. शिवाय मोटारपंप, इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी, यांचा कचरा व्हीएचएफवर जास्त ऐकू येतो. आणि इमारतीत यूएचएफ पुढे, निर्विवाद. छोटी लहर खिडकी-दारातून आत शिरते. दवाखान्याचं तळघर, जिनिंगची शेड, मार्केट यार्डातले पत्र्याचे गाळे, भुसावळसारख्या ठिकाणची दाट वस्ती, इथे आग लागली तर आत गेलेल्या माणसाच्या खांद्यावर यूएचएफ पाहिजे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, केबल. २५ वॅटचा बेस सेट, म्हणजे एका जागी बसवायचा सेट घेतात आणि तिथून टाकीवरच्या अँटेनापर्यंत जायला बारीक आरजी-५८ लावतात, ३० मीटर. व्हीएचएफला वर सहाएक वॅट पोचतात, यूएचएफला जेमतेम दोन. बाकीचे वॅट केबल तापवण्यात गेले. जाड केबलचे पैसे सेटच्या पैशात धरूनच अंदाजपत्रक करा.

सातपुड्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ बाजूला, दोघंही हात टेकतात. व्हीएचएफ डोंगराच्या कडेवरून थोडा वळतो, यूएचएफ कमी, पण खोल दरीत दोन्ही गप्प. तिथे माथ्यावर रिपीटर लागतो, म्हणजे खालचं बोलणं ऐकून तेच पुन्हा पुढे फेकणारा सेट, आणि रिपीटर म्हणजे फ्रिक्वेन्सी एक नाही, जोडी मागायची, एकावर ऐकतो एकावर बोलतो. सोलर, बॅटरी, वीजरोधक, आणि भर जुलैत वर चढून फ्यूज बदलणारा माणूस, हे चारही असेल तरच. जोडीबरोबर तिसरी एक साधी थेट, म्हणजे रिपीटरशिवाय सेट टू सेट बोलायची फ्रिक्वेन्सीही अर्जात मागून घ्या, ही माझी पोटतिडकीची सूचना आहे. कारण असं झालंय की रिपीटर बंद पडला आणि नाल्याच्या या काठावरची पोरं त्या काठावरच्या पोरांना, दोनशे मीटरवर, दिसत असूनही बोलू शकत नव्हती, सेटमध्ये फक्त रिपीटरचं चॅनल भरलेलं. शेवटी एकाने शर्ट काढून हलवला आणि तोंडाचा कर्णा करून ओरडला, पानी वाढी ऱ्हायनं. लाखभराचे सेट गळ्यात.

सिमवाला पीओसी. याच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही. आवाज स्वच्छ, जळगावहून नंदुरबारशी बोला नाहीतर मुंबईशी, कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं, फ्रिक्वेन्सीचा अर्ज नाही, टाकीवर चढणं नाही. रोजच्या कामाला, अँब्युलन्स पाठवायला, महामार्गावरच्या गस्तीला मी स्वतः हाच देईन. पण ३१ ऑगस्ट २०२१ आठवा, चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड आली. अशा दिवशी लाईट जाते आणि त्याच वेळी सगळा तालुका फोन उचलतो. मोबाईल टॉवरची बॅटरी काही तास ओढते, रस्ता तुटला तर डिझेल पोचत नाही, पुलाबरोबर फायबरही गेली तर बॅटरी असून टॉवर मुका. म्हणजे तुमचं पथक ज्या एका दिवसासाठी काढलंय नेमक्या त्या दिवशी. म्हणून पीओसी जोडीला, एकटा नाही. अतिदुर्गम पाड्यांवर तर रेंज एरवीही शोधावी लागते.

ॲनालॉग की डिजिटल, हा वाद दुकानदार फार रंगवतात. डिजिटलमधली डीएमआर नावाची पद्धत १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलमध्ये दोन बोलणी बसवते, बॅटरीही जास्त टिकते. मात्र सिग्नल संपला की एकदम संपतो, ॲनालॉग खरखरत का होईना "दोर... दोर टाका" एवढं पोचवतो. नवशिक्या पथकाने दोन्ही करणारा सेट घ्यावा आणि ॲनालॉगवर सुरुवात करावी. आणि 'प्रायव्हसी कोड'वर विश्वास ठेवू नका, तो नुसता बारीक टोन असतो, त्याने दुसऱ्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच, तुमचं सगळ्यांना ऐकू जातं.

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅमवाले, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर असतात, किल्लारी १९९३ ला आणि भूज २००१ ला त्यांनी मोठं काम केलं. पण ते लायसन परीक्षा दिलेल्या माणसाचं असतं, नगरपालिकेचं रोजचं काम त्यावर चालवता येत नाही. तालुक्यात असा कुणी असेल तर चहाला बोलवून ठेवा, एवढंच.

आता कागद. फ्रिक्वेन्सीचं वाटप करतो केंद्राच्या दूरसंचार विभागातला डब्ल्यूपीसी हा कक्ष, अर्ज सरल संचार पोर्टलवर, उंच अँटेनाच्या जागेला सॅक्फा या केंद्राच्या समितीची मंजुरी वेगळी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन आणि जीवित-मालमत्तेचं रक्षण आहे, म्हणजे यासाठी लिलाव नाही, सरकार थेट देतं. फी मात्र सेट किती, अंतर किती, पट्टी किती रुंद यावर चढते, म्हणून 'पूर्ण जिल्हा' असं उगाच लिहू नका, तालुक्याचं काम असेल तर तालुकाच लिहा. सेट आधी आणि लायसन नंतर ही सगळ्यात महागडी चूक, कारण मिळालेली फ्रिक्वेन्सी सेटच्या बँडमध्ये बसली नाही तर सेट शोकेसमध्ये.

पोलिसांशी कसं बोलणार हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्यांची फ्रिक्वेन्सी आपल्या सेटमध्ये भरायची नाही, गुन्हा आहे. सोपी युक्ती, आपला एक बेस सेट रीतसर लायसनमध्ये दाखवून तहसीलच्या नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात त्यांच्या टेबलावर ठेवून द्यायचा, कक्षातला माणूस पोलिसांचं आणि आपलं दोन्ही ऐकतो.

तर माझा कौल. हतनूरपासून सारंगखेड्यापर्यंत तापीकाठचं कुठलंही पथक असेल, चोपडा असो की शिरपूर, व्हीएचएफ, टाकीवर अँटेना, थेट चॅनल, जोडीला तीन-चार पीओसी. धुळे-जळगाव शहराचं अग्निशमन असेल तर उलट, आत जाणाऱ्यांना यूएचएफ आणि फक्त गाडीत व्हीएचएफ. धडगावकडे व्हीएचएफ रिपीटर, पण चढणारा माणूस नक्की झाल्यावर. पैसे अगदीच कमी असतील तर दहा ऐवजी चार व्हीएचएफ घ्या, दहा स्वस्तातले नको.

आणि अर्जात टाकीचे अक्षांश-रेखांश टाकीखाली उभं राहून घ्या, ऑफिसात बसून घेतले की कागदावर अँटेना नगरपालिकेच्या जिन्यात उभी राहते आणि सॅक्फाची फाईल परत येते.