नवा ऑडिओ सेट की जुना? विकतानाचा भाव आधी धरा

2019 साली मी नवाकोरा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचं चित्र आणि स्पीकरचा आवाज दोन्ही सांभाळणारा डबा, घेतला, 42 हजारांना. चार-पाच वर्षांनी विकायला काढला, तर बघायला आलेल्या तिघांचा पहिला प्रश्न एकच: "यात एचडीएमआय 2.1 आहे का?" म्हणजे टीव्ही जोडायच्या खाचेची नवी आवृत्ती. नव्हतं. आवाज कुणी ऐकलाच नाही. 11 हजारांवर सौदा ठरला. त्याच महिन्यात 14 हजारांना सेकंड हँड घेतलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी बारा वर्षं मनसोक्त वाजवून 13 हजारांना विकली. म्हणजे रिसीव्हर मला 31 हजारांना पडला आणि स्पीकर एका हजाराला.

तेव्हापासून खरेदीची किंमत मी निम्मीच किंमत मानतो. उरलेली निम्मी विकताना कळते.

नव्या वस्तूचा भाव दुकानाच्या पायरीवरच पडतो. जीएसटी आणि दुकानदाराचा नफा तुम्ही भरता, पुढचा गिऱ्हाईक ते भरत नाही. बदल्यात वॉरंटी मिळते. पण बऱ्याचदा ती पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, म्हणून विकताना तिची किंमत धरू नका. जुन्या वस्तूत ही घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. नेमका माल बघून घेतला, तर तुमचं नुकसान थोडक्यात आटपतं.

मात्र नवं-जुनं यापेक्षा वस्तूच्या पोटात काय आहे, हे जास्त महत्त्वाचं. लाकूड, चुंबक, तांब्याची तार आणि ट्रान्सफॉर्मर यांना भाव राहतो. चिप, ॲप आणि बॅटरी यांना राहत नाही. त्यामुळे साधा स्टीरिओ ॲम्प (दोन स्पीकरचा आवाज वाढवणारा डबा) एव्ही रिसीव्हरपेक्षा टिकतो आणि पॅसिव्ह स्पीकर (ज्यात स्वतःचा ॲम्प नसतो) साउंडबारपेक्षा. ब्लूटूथ इअरबड्सचा तर विचारच सोडा. आतली लिथियम बॅटरी दमली की खेळ संपला, आणि दुसऱ्याच्या कानातले विकत घेणार कोण?

दुसऱ्या टोकाला टेक्निक्स कंपनीचा एसएल-1200 टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. 1972 मध्ये आला, 1979 मध्ये त्याची एमके2 आवृत्ती निघाली, 2010 मध्ये बनणं थांबलं आणि 2016 मध्ये कंपनीला तो परत आणावा लागला. पट्टा नाही, मोटर थेट तबकडी फिरवते, बांधणी दणकट. अशी वस्तू कधीही बाजारात काढा, फोन वाजतोच.

जुन्यात फसायच्या जागाही ठरलेल्या आहेत. जपानहून आलेला देखणा ॲम्प स्वस्तात दिसला, तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. तिथे 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण विकताना ते लोढणं ऐकून निम्मे गिऱ्हाईक तिथेच गळतात. स्पीकरची जाळी काढून वूफरच्या (खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या गोल पडद्याच्या) कडेला हलकं बोट लावा. रबर असेल तर ठीक. फोम असेल आणि बोटाला काळा भुगा लागला, तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे हमखास बघावं. ॲम्प चालू करून आवाजाचा नॉब सावकाश फिरवा. थोडी खरखर साफ करता येते. पण बॅलन्सचा नॉब डावीकडे-उजवीकडे नेऊन एक बाजू दबकी वाटली, तर चहा पिऊन उठावं.

मग ठरवायचं कसं? दर दोन-तीन वर्षांनी सेट बदलायची खाज असेल, तर जुनाच घ्या. एकदा घेऊन दहा वर्षं दुसरं काही बघणार नसाल, तर पुनर्विक्रीचा विचार कशाला? नवा घ्या, बिल जपा, निवांत ऐका. माझ्या हाती आज 50 हजार असतील, तर 30 जुन्या स्पीकरवर, 15 जुन्या स्टीरिओ ॲम्पवर आणि उरलेल्या पाचात मोबाइलवरून गाणी वाजवायचा एखादा स्वस्त नवा डबा. तो डबा विकला जाणार नाही, हे धरूनच.

आणि खोकं टाकू नका, थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत यावरून वाजतं. पण ती 13 हजारांची जोडी पहिल्या मालकाने दिलेल्या मूळ खोक्यातूनच ट्रॅव्हल्सच्या गाडीने कोल्हापूरला गेली. घेणाऱ्याने रात्री फोटो पाठवला: एक ओरखडा नाही.