सोलापुरात करून घेतलेला लोखंडी खोडा: घ्यावा, पण खटका तपासून

खोडा म्हणजे सुई टोचताना, तपासताना गाय आत उभी करून अडकवायचा पाइपांचा सांगाडा. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठं कापला ते पुढं येईलच.

आमचा गोठा बार्शी रोडच्या अंगाला. होल्स्टिन संकर, दोन जर्सी आणि सासऱ्यांच्या हट्टापायी एक देशी खिलार. माणसं म्हणजे मी, माझा दीर आणि धारेला येणारी एक बाई. डॉक्टर येणार म्हटलं की आधी शेजारपाजारचे गोळा करायचे. एकानं मोरकी म्हणजे तोंडाची दोरी धरायची, एकानं शेपूट, एकानं लांब उभं राहून नुसतं ओरडायचं. लाळ्या-खुरकुताची लस असली की जत्राच. अशाच एका इंजेक्शनला आमच्या चुलत सासऱ्यांना गाईनं भिंतीला दाबलं, दोन बरगड्या गेल्या. गाय मारकी नव्हती हो, दावणीतली सगळ्यात गरीब. सुई लागली, ती बाजूला सरली आणि मध्ये माणूस होता. पाच क्विंटलच्या जनावराला माणूस मोडायला राग यावा लागत नाही.

वळू पाळत नाही, कृत्रिम रेतन करून घेतो, मग कसली भीती, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं तिथल्या चार राज्यांत २००३ ते २००८ या काळात गुरांमुळं झालेले २१ मृत्यू तपासले होते. त्यातले दहा एकट्या वळूनं घेतलेले, पण सहा एकट्या गाईनं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणणाऱ्याला एकदा आमच्या गोठ्यात पहाटेच्या धारेला बसवलं पाहिजे.

तर खोडा. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतला. दोन इंची जीआय पाइप, लांबी सात फूट, आतून रुंदी सव्वादोन फूट, पुढं मान अडकवायचं फाटक, मागं आडवा दांडा, खाली चेकर्ड प्लेट. अठ्ठावीस हजार, टेम्पो भाडं वेगळं. मालक म्हणाला, "तीन फूट करू की ओ ताई, जनावराला मोकळं वाटंल." मी नको म्हटलं. रुंद खोड्यात गाय मागं वळायला बघते आणि अर्ध्यात आडवी अडकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. माप आमच्या सगळ्यात थोराड गाईचं दिलं. तुम्हीही दोरीनं आपल्या गाईचं माप काढून न्या, तिथल्या तयार मापावर जाऊ नका.

वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. कडा ग्राइंडरनं घासून गोल केल्यात, हात फिरवला तरी कुठं खरचटत नाही. जोडसुद्धा आतल्या अंगानं साफ केलेत. जनावराची कातडी फाटते ती अशाच जागी, आणि बाकी बरेच कारागीर नेमकं तिथंच हात आखडतात.

पण नवा खोडा आला आणि एक गाय आत जाईना. दीर काठी शोधायला लागला. मी त्याला थांबवलं आणि स्वतः वाकून गाईच्या उंचीवरून आत बघितलं. ऊन तिरपं, पाइपांच्या सावल्या प्लेटवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेल्या आणि प्लेट नवी, आरशासारखी चमकत होती. गाईला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण खोलीचा अंदाज कच्चा. सावलीची पट्टी तिला खड्डा वाटतो. त्यात फाटकाची साखळी लोंबत होती आणि वाऱ्यानं वाजत होती. प्लेटवर माती आणि पाचट टाकलं, साखळी गुंडाळून बांधली, फाटक आपटतं तिथं जुन्या टायरची ट्यूब गुंडाळली, पुढं घमेल्यात आंबवण ठेवलं. मग एकेक गेली. रिकामीच आत न्यायची, खाऊ घालायचं आणि सोडून द्यायची, असं काही दिवस केलं. पहिल्याच वेळी सुई टोचली असती तर परत त्या दिशेला फिरकल्या नसत्या. वर्कशॉपवाल्यानं यातलं काही सांगितलं नाही, म्हणून अर्धा तारा कमी.

एक तारा खटक्यासाठी. मानेचं फाटक बंद राहायला सरळ खिळी दिली होती. शांत गाईला ठीक. पण आमची एक पहिलारू कालवड आत गुडघ्यावर बसली आणि सगळं वजन फाटकावर आलं. खिळी अशी आवळून बसली की निघता निघेना, कालवडीचा श्वास घरघरायला लागला. दिरानं मुसळीनं मागून ठोकली तेव्हा सुटली. वजन अंगावर असतानाही एका झटक्यात उघडतो तोच खटका कामाचा. आणि एक बाजू बिजागरीवर उघडणारी हवी. जनावर आडवं पडलं तर पुढून ओढून काढता येत नाही, बाजूनं मोकळं करावं लागतं. आमच्या खोड्याच्या दोन्ही बाजू पक्क्या वेल्ड केलेल्या. तक्रार केल्यावर माणूस आला, बाजू कापून बिजागऱ्या बसवल्या, खिळीच्या जागी दांड्याचा खटका दिला, पैसे मागितले नाहीत. तेवढा त्याचा मोठेपणा. पण आधी जनावराचा जीव टांगणीला लागला, म्हणून तारा काही परत देत नाही.

आता डॉक्टर आले की मी आणि दीर पुरतो. गाभण तपासणी, खूर साळणं, कानातला बिल्ला, सगळं होतं. शेजारचे दोघं आता रुसलेत, चहा बुडाला त्यांचा.

एक सांगते, गाय खोड्यात असली तरी पाइप आणि गाय यांच्यामधून हात घालायचा नाही. ती हलली की कोपर गेलं समजा. गाईची लाथ घोड्यासारखी सरळ मागं जात नाही, पाय आधी पुढं येतो आणि मग बाजूनं गोल फिरतो. म्हणून एक तर तिच्या अंगाला खेटून उभं राहावं, नाहीतर पार लांब. हातभर अंतरावरचा माणूस पुरा मार खातो. बरोब्बर शेपटीमागची जागा तिला दिसत नाही, तिथून मुकाट्यानं गेलात तर दचकून मारणारच. खांद्याकडून, आवाज देत जायचं, पहिला हात पाठीवर ठेवायचा. आमच्या सासूबाई "हाऽ बाई, हाऽ" करत जातात, त्यांना कधी लाथ बसलेली मी पाहिली नाही. कासेला हात लावायचा तर दुसऱ्या माणसानं शेपूट बुडाशी धरून सरळ वर उचलायचं, पाय उचलायचं ती विसरते. टोकाला धरून पिरगळू मात्र नका, मोडतं.

ताज्या व्यालेल्या गाईला या खोड्याचा काही उपयोग नाही. वासरू पोटाशी असताना माझी सोन्यासारखी जर्सी दिरावर धावून गेली होती, त्याच्या मागून आमचा कुत्रा आला एवढ्यावरून. तिथं मध्ये फाटक ठेवणं आणि कुत्र्याला बांधणं हेच औषध. तसंच व्याल्यावर आत अडकलेल्या जारेचं, म्हणजे वारेचं. नुसत्या हातानं जार काढू नये, सांसर्गिक गर्भपाताचा (ब्रुसेलोसिसचा) जंतू माणसालाही लागतो, महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी. हातमोजे घाला आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस द्या.

खिलारचं प्रकरण निराळंच. शिंगं मागं जाऊन वर वळलेली, फाटकात अडकतात. शिवाय परका माणूस दिसला की कान टवकारून फुरफुरायला लागते. तिच्यासाठी फाटक वरून रुंद करावं लागलं. तरी ती सासऱ्यांशिवाय कोणासोबत आत जात नाही, आणि सासरे म्हणतात, खोडा तुमच्या विलायती गाईंना लागतो. गड्ड्याच्या यात्रेतल्या बाजारातून खिलार आणणाऱ्यांनी शिंगांचं मापही सोबत न्यावं.

उन्हाळ्याचंही बघा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पाइपाला हात लावून बघा, चटका बसतो. आम्ही खोडा लिंबाखाली हलवला. चाकं घेतली असती तर बरं झालं असतं, पण त्याचे साडेतीन हजार जास्त सांगत होता.

दोनच गाई असतील तर एवढा खर्च करू नका. एक मजबूत खांब, चांगली मोरकी आणि ओळखीचा माणूस पुरतो. पाच-सहाच्या वर असतील तर घ्या. बिजागरीची बाजू आणि दांड्याचा खटका हे आधीच कागदावर लिहून घ्या. आता तो वर्कशॉपवाला या दोन्हीचे पंधराशे जादा सांगतो म्हणे. घासाघीस केली की हजारावर येतो.